दगडी कोळसा आणि विजेचा सांठा



भुसावळच्या फलाटावर ज्यांनीं एखादी रात्र गाडीची वाट पाहत काढली असेल, त्यांना पूर्वेकडून येणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या निराळ्या सांगावयास नकोत. डबे मोजूं लागावें तर मोजणी पन्नासाच्या पुढें जाते आणि गाडीचें शेपूट कांहीं दिसत नाहीं. यांतील कांहीं गाड्या जवळच दीपनगरच्या वीजकेंद्रांत रित्या होतात. तेथें कोळशाची पूड होते, ती भट्टींत जळते, पाण्याची वाफ होते, वाफेनें चक्र फिरतें व वीज निघते. आपल्या घरच्या मीटरवर जें एक युनिट पडतें, त्यासाठीं कोठें तरी सुमारें सातशें ग्रॅम कोळसा जळालेला असतो. महिन्याला शंभर युनिटें वापरणाऱ्या घरानें सत्तर किलो, म्हणजे जवळजवळ दीड पोतें कोळसा जाळला असें समजावें.

आज ज्या कोळशाविषयीं मला बोलावयाचें आहे, तो मात्र जाळावयाचा नाहीं. त्याला जळूं न देतां त्याच्या पोटांत असंख्य पोकळ्या पाडावयाच्या, आणि त्या पोकळ्यांत वीज सांठवून ठेवावयाची, असा हा प्रकार आहे. या उपकरणाला सुपरकपॅसिटर म्हणतात. दगडी कोळशापासून त्याचे इलेक्ट्रोड स्वस्तांत तयार होतात, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते, आणि ती वाचून कोळशाच्या गाड्या रोज पाहणाऱ्या खानदेशवासीयाला सहजच वाटतें कीं, मग आपल्या दारांतच सोन्याची खाण आली! बातमी खोटी नसते. पण तिच्यांतील ‘स्वस्त’ हा जो शब्द आहे, तो तपासून घेतला पाहिजे, आणि तो तपासावयाचा तर या वस्तूचा इतिहास पाहावा लागतो. मी जन्मभर शाळेंत इतिहास-भूगोलच अधिक शिकविला. रसायनशास्त्राचा अधिकार मला नाहीं. तेव्हां माझ्या वाटेनेंच जातों.

मराठींत कोळसा म्हटला कीं पहिला प्रश्न येतो : लोणारी कीं दगडी? लांकडें रचून, वरून मातीनें लिंपून, आंत वारा जाऊं न देतां जो अर्धवट जाळतात तो लोणारी. कोट्यवधि वर्षांपूर्वींचीं वनें जमिनीखालीं दडपून जो झाला तो दगडी. सातपुड्याच्या अंगाला राहणाऱ्यांना पहिला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. दुसरा मात्र खानदेशाला सर्वस्वीं परका. आपली जमीन ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या कातळाची. तो कातळ कोळशासारखा काळा आहे, एवढेंच काय तें साम्य. दगडी कोळसा येथें आला तो आगगाडीबरोबर. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. थळघाट ओलांडून तोच लोहमार्ग खानदेशांत उतरला, भुसावळाहून त्याची एक शाखा १८६७ सालीं नागपुरास पोंचली आणि दुसरी १८७० सालीं जबलपुरास कलकत्त्याकडील मार्गाला मिळाली. चाळीसगांवाहून धुळ्याचा फांटा निघावयास १९०० साल उजाडलें. आरंभीं या एंजिनांच्या पोटांत विलायतेहून जहाजानें आलेला कोळसा पडे. पुढें वऱ्हाडापलीकडे वर्धेच्या खोऱ्यांत वरोऱ्याची खाण निघाली. ती १९०६ सालीं बंद पडली. पण बल्लारपूर, चंद्रपूर, वणी या बाजूच्या खाणी वाढत गेल्या. दीपनगरचें वीजकेंद्र १९६८ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून कोळशाचें आणि जळगांव जिल्ह्याचें नातें पक्कें झालें. सांगावयाचा मुद्दा असा कीं, दीडशें वर्षें कोळसा आपल्याकडे येत आहे, आणि दीडशें वर्षें आपण त्याचा एकच उपयोग जाणतों.

दुसऱ्या उपयोगाची हकीकत युरोपांत सुरू होते. स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञाला १७७३ सालीं आढळलें कीं, लांकडी कोळसा वायु शोषून घेतो आणि तापविला म्हणजे पुन्हां सोडतो. १७८५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें लोविट्झ नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें पाहिलें कीं, गढूळ रंगाच्या द्रावांत कोळशाची पूड टाकली तर रंग निघून जातो. साखरेच्या कारखानदारांनीं हें ज्ञान ताबडतोब उचललें. काळपट साखर पांढरी करण्यासाठीं ते प्रथम लांकडाचा व पुढें हाडांचा कोळसा वापरूं लागले. आपल्याकडील सोंवळ्याच्या घरांत विलायती साखर दीर्घकाळ वर्ज्य होती, त्याचें एक कारण हा हाडांचा कोळसाच होय.

कोळसा हें सर्व करतो कशानें? त्याच्या अंगांत डोळ्यांना न दिसणारीं छिद्रें असतात, आणि त्या छिद्रांच्या भिंतींना रंगाचे व वायूचे कण चिकटून बसतात. परंतु चुलींतल्या साध्या कोळशांत अशीं छिद्रें थोडीं, आणि जीं असतात तीं डांबरासारख्या मळानें बुजलेलीं. याचा प्रत्यय मला शाळेंत आला. एकदां मुलांपुढें मोठ्या ऐटीनें शाईचें पाणी घेतलें, त्यांत घरचा कोळसा कुटून टाकला, हलविलें, गाळलें. शाईचें पाणी होतें तसेंच निळें! मुलें हंसलीं. दुसऱ्या दिवशीं पिण्याचें पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतील जुनी नळी फोडून तिच्यांतली काळी पूड आणली व तोच प्रयोग केला. तेव्हां पाणी स्वच्छ निघालें. दोन्ही पुडी दिसावयास अगदीं सारख्या. दुसरीला ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’ म्हणतात. आपण सक्रिय कोळसा म्हणूं.

कोळसा सक्रिय करण्याच्या युक्ति रफाएल फॉन ऑस्ट्रेयको या गृहस्थानें १९०० व १९०१ या सालीं पेटंट घेऊन नोंदविल्या. एक युक्ति अशी कीं, लालभडक तापलेल्या कोळशावरून पाण्याची वाफ किंवा कार्बन डाय-ऑक्साइड वायु सोडावयाचा. वाफ कोळशाचा कांहीं अंश खाऊन टाकते. जेथें जेथें खाते तेथें तेथें पोकळी पडते. दुसरी युक्ति अशी कीं, कोळसा होण्यापूर्वींच कच्च्या मालांत क्षार मिसळून तो भाजावयाचा. आजचे सर्व प्रकार या दोहोंचेच वंशज आहेत. या उद्योगाचा एक नियम ऐकणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावा : येथें माल वाढवून मोल वाढत नाहीं, माल खाऊन टाकून मोल वाढतें. शंभर किलो घालून पंधरा-वीस किलो निघाले तर कारखानदार समाधान मानतो.

या वस्तूचें महत्त्व जगाला पटविलें तें, दुर्दैवानें, युद्धानें. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडला. शिपायांनीं प्रथम रसायनांत भिजविलेलीं कापडें नाकाला बांधलीं. त्याच सालीं रशियांत झेलिन्स्की यांनीं सक्रिय कोळसा भरलेला मुखवटा सिद्ध केला. त्यानंतर प्रत्येक राष्ट्राला सक्रिय कोळसा हवा झाला, आणि शोधाअंतीं असें दिसून आलें कीं, नारळाच्या करवंटीचा कोळसा या कामाला सर्वांत चांगला. तो कठीण असतो, त्यांत राख नाममात्र असते. अमेरिकेंत करवंट्या पुरेनात, तेव्हां १९१८ सालीं तेथील सरकारनें घरोघरच्या गृहिणींना पीच वगैरे फळांच्या कोया जपून ठेवावयास सांगितलें व त्या जमविण्यासाठीं रस्त्यांवर पिंपें ठेविलीं. आपल्या घरांत आंब्याच्या कोया उकिरड्यावर जातात. तिकडे त्या रणांगणावर गेल्या.

दगडी कोळशाची पाळी आली ती दुसऱ्या महायुद्धांत. पूर्वेकडील समुद्र बंद झाल्यामुळें नारळ मिळेनात. तेव्हां १९४२ च्या सुमारास अमेरिकेंतील पिट्सबर्गच्या एका कोळसा-कंपनीनें दगडी कोळशाचेच कठीण दाणे पाडून ते सक्रिय केले व मुखवट्यांत भरले. युद्ध संपल्यावर हाच माल शहरांच्या पाणीपुरवठ्यांत शिरला आणि आजतागायत टिकून आहे. म्हणजे दगडी कोळसा या धंद्यांत आला तो उत्तम म्हणून आलेला नाहीं. उत्तम वस्तु मिळेना म्हणून आला. ही गोष्ट पुढच्या विवेचनांत उपयोगी पडेल. (त्याच युद्धांत आपल्याकडे पेट्रोलच्या टंचाईनें मोटारींच्या पाठीमागें कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या, तो मात्र जाळावयाचाच कोळसा.)

आतां विजेकडे वळूं. वीज सांठविण्याचें पहिलें साधन म्हणजे लायडनची बरणी. १७४५-४६ मध्यें जर्मनींत फॉन क्लाइस्ट व हॉलंडांत लायडन येथें मुशेनब्रुक यांनीं ती स्वतंत्रपणें शोधून काढली. कांचेच्या बरणीला आंतून व बाहेरून धातूचा पत्रा लावलेला. एका पत्र्यावर एक प्रकारची वीज, दुसऱ्यावर विरुद्ध प्रकारची, आणि मधें कांच. पत्र्याचें क्षेत्रफळ जितकें मोठें आणि दोन पत्र्यांमधील अंतर जितकें लहान, तितका सांठा अधिक. हा नियम श्रोत्यांनीं कृपा करून विसरूं नये, कारण पुढची सर्व इमारत त्याच्यावर उभी आहे.

१८५३ सालीं, म्हणजे आपली आगगाडी ठाण्यास गेली त्याच सालीं, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्स यानें एक महत्त्वाची कल्पना मांडली. विद्युद्वाहक द्रावांत एखादा पत्रा बुडवून त्याला वीज दिली, तर द्रावांतील विरुद्ध विजेचे कण, ज्यांना आपण आयन म्हणतों, पत्र्याला लागून रांगेनें उभे राहतात. पत्र्यावर एक थर, द्रावांत दुसरा थर; जणूं लायडनची बरणीच, पण तिच्यांतील कांच नाहींशी होऊन अंतर एका मिलिमीटराच्या दहा लाखाव्या भागाइतकें किंवा त्याहूनहि कमी उरलेलें. अंतराचा प्रश्न निसर्गानेंच सोडविला होता. क्षेत्रफळाचा प्रश्न सुटावयास शंभर वर्षें लागलीं.

तो कोळशानें सोडविला. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर या संशोधकाला १९५७ सालीं पेटंट मिळालें. त्यांत सच्छिद्र कार्बनचे दोन इलेक्ट्रोड द्रावांत ठेवून वीज सांठविण्याची रीत होती. मौज अशी कीं, उपकरणाच्या आंत नेमकें काय घडतें हें आपणांस उमगलें नसल्याची कबुली त्या पेटंटांतच आहे. १९६६ सालीं ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनींतील राइटमायर यांनीं तें उमगून दुसरें पेटंट मिळविलें. परंतु तेलाच्या कंपनीला या वस्तूचा धंदा करावासा वाटला नाहीं. तिनें तो हक्क जपानच्या एन्ईसी कंपनीला दिला, आणि १९७८ सालीं ‘सुपरकपॅसिटर’ हें नांव बाजारांत आलें. तेव्हां त्याचें काम फार लहान होतें : वीज गेली असतां संगणकाची स्मरणशक्ति जाऊं नये, एवढेंच. पुढें कॅनडांत ओटावा येथें प्राध्यापक कॉन्वे यांनीं दोन तपें खपून या विषयाला शास्त्राचें स्वरूप दिलें.

क्षेत्रफळ म्हणजे किती, याची कल्पना आपल्या मोजमापानें देतों. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमांत, म्हणजे चिमूटभर पुडींत, छिद्रांच्या भिंतींचें क्षेत्रफळ दीड हजार चौरस मीटर भरतें. गुंठा एकशेंएक चौरस मीटरांचा. म्हणजे चिमटींत पंधरा गुंठे जमीन! तीन ग्रॅम घेतले तर एकराहून अधिक. त्या सर्व जमिनीवर आयन पेरले जातात. हिशेबानें एका ग्रॅमाला दीडशें फॅरडच्या आसपास सांठा यावा. लायडनच्या बरणीचा सांठा फॅरडच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो.

बॅटरी आणि हें उपकरण यांत फरक काय, असा प्रश्न घरांतील कोणींहि विचारील. बॅटरींत वीज भरतांना व काढतांना पदार्थांचें रूपांतर होतें. आणि असें हजार-दोन हजार वेळां झालें म्हणजे ते पदार्थ झिजतात. सुपरकपॅसिटरांत रूपांतर कांहींच नाहीं. आयन धर्मशाळेंत उतरणाऱ्या वाटसरूंसारखे येतात व जातात. धर्मशाळा तशीच राहते. त्यामुळें तो कांहीं सेकंदांत भरतो, तितक्याच वेगानें रिता होतो आणि लाखों वेळां हें करूनहि थकत नाहीं. उलट बाजूला उणीवहि मोठी आहे. एक किलो वजनाच्या सुपरकपॅसिटरांत पांच ते आठ वॅट-तास वीज राहते. शिशाच्या बॅटरींत तीस-चाळीस, लिथियमच्या बॅटरींत दीडशेंच्या वर. शिवाय भरून ठेवला तर थोड्या दिवसांत आपोआप ओसरतो. तेव्हां घराचा दिवा रात्रभर यावर चालेल असें जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. जेथें वीज थोडी पण तांतडीनें हवी, तेथेंच याचें राज्य. शांघाय शहरांत २००६ सालीं यावर चालणाऱ्या बस सुरू झाल्या. त्या थांब्याथांब्यावर क्षणभर वीज घेऊन पुढें जात. ए-३८० या प्रचंड विमानाचीं दारें संकटकाळीं उघडण्यासाठीं हाच योजिलेला आहे.

आणि आपल्या दृष्टीनें अधिक जवळचें उदाहरण पवनचक्कीचें. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्याच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्यांचें मोठें रान उभें आहे. वारा अनावर झाला किंवा वीज तुटली तर चक्कीचीं पातीं ताबडतोब वळवून तिचा वेग मोडावा लागतो, नाहींतर यंत्राचा नाश. हें वळविण्याचें बळ बाहेरची वीज नसतांना कोठून आणावयाचें? पूर्वीं त्यासाठीं बॅटऱ्या ठेवीत. त्या उंचावर, उन्हांत व थंडींत लवकर बिघडत. अलीकडे जगांतील पुष्कळ पवनचक्क्यांत त्या जागीं सुपरकपॅसिटर बसवूं लागले आहेत.

आतां मूळ प्रश्न : दगडी कोळशापासून हे इलेक्ट्रोड स्वस्तांत होतील का?

कृति थोडक्यांत सांगतों. कोळसा बारीक दळावा. आम्लानें धुवून त्यांतील राखेचे क्षार काढावे. हवा न लागूं देतां पांचशें-सहाशें अंशांपर्यंत भाजावा. मग त्यांत तिप्पट-चौपट कॉस्टिक पोटॅश मिसळून नायट्रोजन वायूच्या पहाऱ्यांत सातशें ते साडेआठशें अंशांवर तासभर ठेवावा. पोटॅश कोळशांत शिरून त्याला कुरतडतें व सूक्ष्म छिद्रें पाडतें. थंड झाल्यावर पुन्हां आम्लानें, मग पाण्यानें, पाण्याचा क्षारपणा जाईपर्यंत धुवावा, वाळवावा, थोडा काजळीसारखा कार्बन व चिकट द्रव्य घालून लेप करावा आणि धातूच्या पातळ पत्र्यावर फासावा. असे दोन पत्रे, मधें कागदासारखा पडदा, भोंवतीं द्राव. झालें. स्पेनमधील आलिकांते विद्यापीठांत २००१ च्या सुमारास तिकडील अँथ्रासाइट या जातीच्या कोळशाला असें पोटॅश लावून ग्रॅममागें तीन हजार चौरस मीटरांच्या वर क्षेत्रफळ मिळविलें गेलें. २००६ सालीं युरोप-अमेरिकेंतील संशोधकांनीं असेंहि दाखविलें कीं, आयन शिरणार नाहींत म्हणून जीं अतिसूक्ष्म छिद्रें निरुपयोगी समजत, त्यांतच उलट सांठा अधिक होतो. कारण आयन आंत शिरतांना अंगावरचें पाण्याचें किंवा द्रावाचें पांघरूण कांहींसें टाकून शिरतो. यामुळें केवळ गुंठे मोजून भागत नाहीं. खोल्या केवढ्या, हेंहि पाहावें लागतें.

परंतु स्पेनचा अँथ्रासाइट निराळा आणि आपल्या वर्धा खोऱ्यांतील कोळसा निराळा. आपल्या कोळशांत राख फार. भारतांतील वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशांत ती शेंकडा तीस ते चाळीसपर्यंत, कधीं अधिकहि असते. ही राख म्हणजे मुख्यतः वाळूचीं व मातीचीं द्रव्यें आणि थोडें लोखंड. समजुतीसाठीं एक हिशेब करूं. शंभर किलो कोळसा घेतला. त्यांत चाळीस किलो राख. ओलावा व धुरावाटे जाणारे पदार्थ अठ्ठावीस किलो धरूं. खरा कार्बन उरला बत्तीस किलो. त्यांतील निम्मा पोटॅशनें खाल्ला, राहिला सोळा. राख आधीं काढली नाहीं तर हातीं येणाऱ्या पुडींत सोळा किलो कार्बन आणि चाळीस किलो राख! राखेच्या भिंतींना विजेचें कांहीं देणें-घेणें नाहीं. उलट त्यांतील लोखंड सांठविलेली वीज आंतल्या आंत गळूं देतें. बरें, राख काढावी म्हटली तर लोखंड व चुना साध्या हायड्रोक्लोरिक आम्लांत विरघळतात, पण वाळूचा अंश विरघळत नाहीं. त्यासाठीं कांचेलाहि खाऊन टाकणारें हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतें, जें माणसाच्या हाडांपर्यंत पोंचतें. तें टाळावें तर पोटॅश स्वतःच वाळूशीं लढण्यांत खर्च होतें आणि कोळशाच्या वांट्याला थोडें उरतें. त्यावर धुण्याचें पाणी. एक किलो मालाला बादल्यांनीं पाणी जातें, तें क्षारानें व आम्लानें बिघडून बाहेर पडतें, आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गांवांच्या प्रदेशांत हा खर्च केवळ पैशांत मांडतां येत नाहीं.

म्हणून मला असें म्हणावयाचें आहे कीं, या धंद्यांत कोळशाचा भाव ही सर्वांत क्षुल्लक रक्कम आहे. खरा खर्च पोटॅशचा, आम्लाचा, पाण्याचा आणि भट्टीच्या उष्णतेचा. याच कारणानें जगांतील सुपरकपॅसिटरांचा बराचसा कार्बन आजहि नारळाच्या करवंटीपासून होतो, आणि तोहि वाफेनें. करवंटींत राख शेंकडा एक-दोनहून अधिक नसते. १९१८ सालीं जी वस्तु जिंकली, तीच शंभर वर्षांनींहि जिंकत आहे.

याचा अर्थ कोळशाचा नाद सोडावा असा मी घेत नाहीं. दोन वाटा उघड्या दिसतात. खाणीच्या तोंडाशींच कोळसा धुवून, हलक्या व जड तुकड्यांची निवड करून जो कमी राखेचा भाग निघतो, तेवढाच या कामाला घ्यावा. इलेक्ट्रोडांना लागणारा माल टनांत मोजतात, वीजकेंद्राला लागणारा हजारों टनांत, तेव्हां निवड परवडण्याजोगी आहे. दुसरी वाट पोलादाच्या कारखान्यांतील. तेथें दगडी कोळशाचा कोक करतांना जें डांबर निघतें, त्यांत राख जवळजवळ नसते. त्याच्या घट्ट गाळापासून कार्बन करणें अधिक सोपें. हेंहि कोळशाचेंच अपत्य. शिवाय पोटॅश धुण्याच्या पाण्यांतून परत मिळवितां येतें; प्रयोगशाळेच्या निबंधांत याचा उल्लेख क्वचित् येतो, कारण तेथें पोटॅश चमच्यानें लागतें. कारखान्यांत मात्र नफा आणि तोटा यांची सीमा येथेंच आहे.

आपल्या विभागांत या विद्येची सोय नाहीं असें कोणीं समजूं नये. जळगांवचें विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झालें व २०१८ सालीं त्याला बहिणाबाई चौधरींचें नांव मिळालें. तेथील भौतिकशास्त्राच्या विभागांत सुपरकपॅसिटरांच्या इलेक्ट्रोडांवर संशोधन झालेलें आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत तर या विषयाची दीर्घ परंपरा आहे. मात्र या दोन्ही ठिकाणीं भर अधिक पडला तो धातूंच्या ऑक्साइडांच्या पातळ थरांवर. हैदराबादच्या एका सरकारी संशोधन केंद्रानें गिरण्यांतील टाकाऊ कापसापासून असा कार्बन केल्याचें प्रसिद्ध झालें आहे, तें वाचून मला आपल्या पऱ्हाट्यांची आणि केळीच्या खांबांची आठवण झाली. केरळांत कण्णूर येथें २०२४ सालीं सुपरकपॅसिटर बनविण्याचा सरकारी कारखाना सुरू झाला, त्याला अवकाश-संशोधन संस्थेचें साहाय्य आहे. म्हणजे देशांत गिऱ्हाईक निर्माण झालें आहे. चांगला कार्बन आपला कीं परदेशचा, एवढाच प्रश्न आहे.

पऱ्हाट्या व केळी यांविषयींहि एक इशारा देऊन ठेवतों, कारण खानदेशांत हा मोह फार लवकर होईल. केळीच्या खांबांत शेंकडा नव्वदच्या आसपास पाणी असतें. तें वाळवावयास लागणारें इंधन वजा केल्याशिवाय कोणींहि ‘फुकटचा कच्चा माल’ असें म्हणूं नये. मात्र त्या खांबाच्या राखेंत पोटॅशचाच भाग मोठा असतो. आपल्या आजीबाई केळीच्या राखेचा खार धुण्याला वापरीत, तो हाच. तेव्हां ज्या पोटॅशसाठीं कोळशाचें गणित बिघडतें, तें पोटॅश अंशतः रावेर-यावलच्या बागांतून मिळेल का, हें पाहण्याजोगें आहे. तें कॉस्टिक स्वरूपांत नसून कार्बोनेटच्या स्वरूपांत असतें, त्याचा चावा सौम्य, आणि त्याला उष्णता अधिक लागते. परंतु पोटॅशियम कार्बोनेटानेंहि कोळसा सक्रिय होतो हें सिद्ध झालेलें आहे.

जळगांवचा किंवा धुळ्याचा एखादा तरुण हें काम हातीं घेईल तर त्यानें पहिला दिवस भट्टींत घालवूं नये. वर्धा खोऱ्यांतील धुतलेल्या कोळशाचे चार ठिकाणचे नमुने आणावे, प्रत्येकाचा एक ग्रॅम उघड्या मुशींत आठशें अंशांवर पूर्ण जाळावा आणि मागें राहिलेली राख तराजूंत घालावी. दहा टक्क्यांच्या आंत राहणारा नमुना मिळाला तर पुढें जावें. न मिळाला तर भुसावळच्या गाड्या दीपनगरलाच जाऊं द्याव्या आणि डांबराच्या मागें लागावें.